मागची चेन जिंकली, गळा हरला

रात्री डायपर काढून टाकणाऱ्या लहान मुलाचा हात पोचू नये म्हणून मागे चेन असलेला अंगभर रात्रीचा सूट ज्यांनी मागच्या नोंदीवरून बेतला, त्यांच्यासाठी आधी चांगली बातमी. चेन लाटांसारखी वर-खाली होणं थांबलं आहे. इंटरलॉक (होजिअरीचं ताणणारं कापड) मशीनच्या दाबपायाखाली ताणलं जातं, चेन मात्र ताणली जात नाही, त्यामुळे मधली माया (शिवणीसाठी सोडलेलं कापड) फुगते. कापडाच्या दोन्ही कडांना 2 सेंटीमीटर रुंद, होजिअरीला चालणारं, इस्त्रीने चिकटणारं बुकरम (आधाराचं अस्तर) लावा, दाबपायाचा दाब एक पायरी कमी करा, चेन आधी कच्च्या टाक्याने बसवा आणि दोन्ही बाजूंची टीप खालून वरच घाला. बॉलपॉइंट सुई 75/11, टाक्याची लांबी 3 मिलिमीटर. पाठ अगदी सपाट बसते, हात फिरवला तर शिवण जाणवतही नाही.

वाईट बातमी अशी, की चेन वरपर्यंत बंद आणि वरचं टिच बटण लागलेलं असूनही मूल सूटमधून बाहेर पडतं. कोपर दुमडून हात बाहीतून आत ओढायचा, तोच हात गळ्यातून वर काढायचा, मग खांदा. एक खांदा मोकळा झाला की उरलेला सूट सालीसारखा खाली उतरतो आणि डायपरच्या चिकटपट्ट्या समोरच असतात. मग चेन कितीही भक्कम असली तरी तिचा उपयोग नाही.

मूळ कारण आपल्या पॅटर्नमध्येच आहे. डोक्यावरून घालायच्या कपड्याचा गळा डोकं जाईल इतका ताणावा लागतो. दोन वर्षांच्या मुलाच्या डोक्याचा घेर साधारण 48 सेंटीमीटर, मानेचा साधारण 24. म्हणून तयार पॅटर्नमध्ये लायक्रा असलेली रिब, म्हणजे खूप ताणणारी विणीची पट्टी, येते. मागे चेन आली की डोकं गळ्यातून जाण्याचा प्रश्नच मिटतो, पण रिब सवयीने तीच राहते. जो ताण आता कुणालाच नको, त्याच्यातूनच हात बाहेर येतो.

नवा गळा असा: रिब काढून त्याच इंटरलॉकची आडव्या ताणाची पट्टी. तयार घेर मानेच्या मापापेक्षा 3 सेंटीमीटर जास्त, म्हणजे 24 च्या मानेला 27. मूल बसलेलं आणि आडवं असताना दोन बोटं सहज आत गेली पाहिजेत. याहून घट्ट गळा कधीही करू नये. दोन्ही खांद्यांच्या शिवणीत आणि मागच्या गळ्यावर, चेनच्या दोन्ही बाजूंना, 6 मिलिमीटरची सुती टेप. पुढचा भाग टेपशिवाय, म्हणजे मान वळवताना थोडी ढील राहते. पूर्ण ताणून गळा 33 च्या पुढे जाऊ नये, एवढं लक्ष्य धरा. टेप पुढेही फिरवली तर गळा कडक होतो आणि हनुवटीखाली घासतो.

मुंढाही (बाही जोडायचा घेर) वर घ्यावा लागतो. रॅग्लन, म्हणजे गळ्यापासून तिरकी निघणाऱ्या बाहीत बगलेखाली जागा जास्त असते, हात आत ओढायला तीच कामी येते. खांद्याशी लावलेली साधी बाही आणि वर घेतलेला मुंढा यात हात वर करता येतो, पण आत सरकवता येत नाही.

पुढे चेन असलेला तयार सूट उलटा, म्हणजे पुढची बाजू मागे करून, घालून भागवणाऱ्यांसाठी: पुढचा गळा खोल आणि मागचा उथळ कापलेला असतो, त्यामुळे उलटा घातला की गळ्याशी दाबतो आणि पाठीवर उघडा पडतो. शिवाय आसनाची (बसायच्या भागाची) जास्तीची जागा पोटावर येते आणि डायपरच्या मागे कापड कमी पडतं. पावलं असतील तर तीही उलटी होतात; ती कापून घोट्याला पट्टी लावा, आणि उथळ गळा समोरून उतरवून घ्या.

चेन 3 नंबरची नायलॉनचीच घ्या. धातूची पाठीला टोचते आणि छुप्या चेनचा रनर (ओढायचा सरकता तुकडा) इंटरलॉक खातो. आतून 3 सेंटीमीटरची संरक्षक पट्टी हवीच. वेल्क्रो मात्र कुठेच नको, उघडायला सोपं आणि धुण्यात सगळ्या कपड्यांचा कचरा गोळा करतं. टिच बटणांचे स्वस्त पक्कड सरळ दाबत नाहीत, खिळा वाकतो. आधी चिंधीवर तितकेच थर घेऊन पाहा. बटण सुटलं तर ते तोंडात जाणार, म्हणून प्रत्येक धुण्यानंतर जोरात ओढून बघायचं. सेफ्टी पिन, नाडी आणि डायपरवर गुंडाळलेली चिकटपट्टी यांतलं काहीही वापरू नये.

डायपर उलटा लावून पट्ट्या मागे नेण्याचा उपाय तात्पुरता ठीक आहे. मुलग्यांचा पुढचा भाग जास्त भिजतो, आणि बऱ्याच डायपरांत शोषणारा जाड थर तिथेच असतो, त्यामुळे उलट्या डायपरमधून गळती होते. कापडी लंगोट असेल तर वेल्क्रोऐवजी टिच बटणांचा. आणि मूल रात्री सारखं मागे खाजवत असेल तर शिलाईआधी जंतांची शंका डॉक्टरांना विचारा. ओलेपणा, पुरळ, कमरेचं काचणारं रबर ही डायपर काढण्यामागची कारणं असतील तर कोणताही सूट मुलाला फक्त अडकवून ठेवेल.

आता पुढचा अडथळा: रात्री डायपर बदलणं. 40 सेंटीमीटरची चेन आसनाच्या मध्यावर संपते, त्यामुळे पाय बाहेर काढायला सगळा सूट उतरवावा लागतो. आधी विचार होता आसनाखाली टिच बटणांची रांग देण्याचा, पण ती तर समोरून ओढली की उघडते. खालून उघडणारा दुसरा रनरही बाद, मागे हात नेऊन मूल तिथपर्यंत पोचतं.

हे लिहितानाच एक सोपी वाट दिसते आहे. चेन मधोमध कशाला? मानेच्या मागून निघून तिरक्या सरळ रेषेत उजव्या गुडघ्याच्या मागे संपणारी शिवण घेतली, तर 60 सेंटीमीटरच्या एकाच चेनमध्ये एक पाय पूर्ण मोकळा होतो. आसनाच्या वळणावर चेन वाकवावी लागत नाही आणि मणका बहुतेक चेनच्या बाहेर राहतो. अडचण एवढीच की तिरकं कापलेलं इंटरलॉक वेड्यासारखं ताणतं, म्हणून बुकरमची पट्टी आता पूर्ण 60 सेंटीमीटर. चाचणीची कापणी जुन्या टी-शर्टवर करणार. चादरीचं कापड ताणत नसल्याने त्यावरचं माप खोटं निघेल. उन्हाळ्यासाठी याचाच आखूड नमुना हवा, पण बिनबाह्यांचा नको, कारण मुंढा उघडा राहिला की हात तिथूनच आत जातो. 8 सेंटीमीटरची बाही आणि तिला रिबची पट्टी, एवढं धरून पॅटर्न काढायला घेतला आहे.