आतड्याचं फ्रॅक्चर

मेडिकल कोडिंगचा, म्हणजे पेशंटच्या आजारांना आणि ऑपरेशनना ठरलेले कोड द्यायचा, कोर्स लावला तेव्हा मला वाटलेलं कोड पाठ करायचे असतील, म्हणजे आकडे, आणि आकड्यांची मला भीती नाही, कॉमर्सवाली आहे मी. पण सुरुवातीला आकडा कुठे दिसलाच नाही, नुसते शब्द, आणि तेही असले की जिभेला गाठ पडावी. पहिल्याच सराव टेस्टमधे मी एका काल्पनिक पेशंटच्या आतड्याला फ्रॅक्चर करून ठेवलं. झालं असं की अंगात इलियम नावाच्या दोन गोष्टी असतात. कमरेवर हात ठेवून भांडायला उभं राहिलं की हात जिथे टेकतो ते हाड एक, आणि दुसरा लहान आतड्याचा शेवटचा भाग. स्पेलिंगमधे बरोब्बर मधल्या एका अक्षराचा फरक, आय असेल तर हाड, ई असेल तर आतडं, ऐकायला सेम टू सेम. मॅडमनी वर्गात वाचून दाखवलं, सगळे हसले, मी पण हसले, काय करणार.

मग त्यांनीच युक्ती सांगितली की शब्द तोडायचा आणि मागून वाचायचा. कोलेसिस्टेक्टोमी घ्या. शेवटी एक्टोमी म्हणजे काढून टाकणं, त्याआधी सिस्ट म्हणजे पिशवी, सगळ्यात आधी कोले म्हणजे पित्त. पित्ताची पिशवी काढली! अहो हे तर आपण रोज मराठीत बोलतो, एवढ्यासाठी मी दोन दिवस घोकत बसलेले. शेवटी आयटिस दिसलं की दाह, पुढे काय आहे तेवढं बघायचं, हिपॅट असेल तर यकृत, नेफ्र असेल तर मूत्रपिंड, गॅस्ट्र असेल तर जठर. टॉमी, स्टोमी, एक्टोमी ही तीन भावंडं मात्र छळतात. टॉमी म्हणजे नुसता छेद देणं, एक्टोमी म्हणजे उचलून बाहेर, आणि स्टोमी म्हणजे बाहेर उघडणारं तोंड करून देणं. ग्रीकमधे स्टोमा म्हणजे तोंडच. आपण नाही का गळवाला तोंड पडलं म्हणत, तसंच लक्षात ठेवलं आणि मग परत चुकलं नाही.

माझी एक तक्रार होती की एकाच अवयवाला दोन दोन नावं कशाला. मूत्रपिंडाच्या आजाराला नेफ्रायटिस आणि त्याच मूत्रपिंडाच्या धमनीला रीनल आर्टरी, का बाबा? तर साधारण असं आहे की अवयवांची नावं बरीचशी लॅटिनमधून आली आणि आजारांची, ऑपरेशनची ग्रीकमधून. थोडा विचार केला तर आपणही पाणीटंचाई म्हणतो आणि जलप्रदूषण म्हणतो, तेव्हा कुठे कुणी तक्रार करतं. आणि हे आत्ता पुष्कळ बरं आहे म्हणे, 1895 मधे स्वित्झर्लंडमधल्या बाझेलला शरीररचनावाल्यांनी बसून नावांची यादी ठरवली, त्याआधी जवळपास 50 हजार नावं वापरात होती, ती साडेपाच हजारांच्या आसपास आणली. म्हणजे आमचा जन्म उशिरा झाला हे नशीबच.

सगळ्यात जास्त डोकं खाल्लं ते दिशांनी. मिडियल म्हणजे शरीराच्या मधल्या रेषेकडचं, लॅटरल म्हणजे बाहेरच्या बाजूचं, इथपर्यंत सोपं. प्रश्न आला, करंगळी कुठल्या बाजूला? मी कीबोर्डवर ठेवलेल्या हातांकडे बघितलं, करंगळ्या बाहेर, लिहिलं लॅटरल. चूक! कारण शरीर नेहमी एकाच पोझमधे धरायचं असतं, सरळ उभं, हात बाजूला आणि तळवे समोर. तळवे समोर केले की अंगठे बाहेर जातात, करंगळ्या मांड्यांकडे येतात. मला ही पोझ उगाच अवघडलेली वाटायची, पण एकदा करून बघा. डाव्या हाताने उजव्या हाताचं मनगट दोन्ही बाजूंनी हलकं धरा आणि उजवा तळवा वर, खाली असा फिरवा. अंगठ्याकडचं हाड, रेडियस, करंगळीकडच्या अल्नाच्या वरून आडवं जाताना बोटांना कळतं. तळवा समोर असला की दोन्ही हाडं शेजारी शेजारी, कुणी कुणावर चढलेलं नाही. आणि हो, डावं उजवं पेशंटचं धरायचं, आपलं नाही, म्हणून चित्रात हृदय आपल्या उजव्या हाताला दिसतं.

पण मला खरी मजा आली ती नावांचे अर्थ बघायला लागल्यावर. पटेला, म्हणजे लॅटिनमधे छोटी बशी, आणि आपण काय म्हणतो, गुडघ्याची वाटी! प्युपिल, मूळ अर्थ छोटी बाहुली, कारण समोरच्याच्या डोळ्यात आपलं इवलंसं रूप दिसतं, आणि आपल्याकडेही डोळ्यातली बाहुलीच. मसल म्हणजे चक्क छोटा उंदीर, कातडीखाली काहीतरी पळाल्यासारखं दिसतं ना दंड आवळला की. त्यांना उंदीर दिसला, आपल्याला बेडूक दिसला, आपण बेटकुळी म्हणतो. दोन हजार वर्षांपूर्वी कुणीतरी दंड फुगवून मित्राला दाखवत असणार, तो म्हणाला असेल अरे उंदीर बघ, आणि आज त्याचा कोड मला शोधावा लागतोय.

एकच जमत नाहीये अजून. कॉक्सिक्स, पाठीच्या कण्याच्या टोकाचं ते तीन ते पाच मणक्यांचं चिकटलेलं हाड. ग्रीकमधे त्याचा अर्थ कुकू पक्षी, चोचीसारखं दिसतं म्हणून. मी मोबाईल उलटा केला, आडवा केला, झूम केलं, चोच काही दिसेना. आपलं माकडहाड बरं.