वणीच्या गडाचा घाट आणि जुनी पद्मिनी

नाशिक, दिंडोरी, वणी, नांदुरी. इथपर्यंतच्या रस्त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही, डोळे मिटून या. खरा प्रकार नांदुरीनंतरच्या घाटात आहे.

प्रीमियर पद्मिनी, भर एप्रिलची दुपार, गाडी माणसांनी भरलेली. अर्ध्या चढावर आचके देत बंद. 'तापली की बंद पडते' ही तक्रार निघण्याआधीच शहरातल्या एका गॅरेजवाल्याला सांगितली होती. त्याने कार्बोरेटर (पेट्रोल-हवा मिसळणारा भाग) खोलला, किट बदललं, तीन हजारांच्या आसपास उकळले आणि वर "आता काश्मीरला न्या" म्हणाला. गेली नांदुरीपर्यंत.

घाटात थांबणारा प्रत्येक जण एकच सांगतो: पेट्रोल उकळलंय, एसी पंपावर (इंजिनावरचा पेट्रोल पंप, थंड हवेचा एसी नव्हे) ओलं फडकं टाका. टाकलं. अर्ध्या तासाने गाडी सुरू, फडक्याचा जयजयकार. थोडं वर जाऊन पुन्हा बंद. तेव्हा ट्यूब पेटली. अर्ध्या तासात नुसता पंप नाही, ठिणगीसाठी लागणारे कॉइल आणि कंडेन्सरही निवतात. त्या वेळात नारळ फोडला असता तरी गाडी सुरू झाली असती!

म्हणून बंद पडल्या पडल्या, इंजिन गरम असतानाच बघा. सोबत एक जादा स्पार्क प्लग हवाच. प्लगची वायर काढून त्याला लावा, रबरी मुठीच्या पकडीने त्याचं लोखंड इंजिनला टेकवा, दुसऱ्याला स्टार्टर मारायला सांगा. पेट्रोलचा वास येत असेल तर हा उद्योग अजिबात नको. ठिणगी निळी, तडतडीत असेल तर पेट्रोलकडे वळा. आधी टाकीचं झाकण उघडा. सुस्स करून हवा आत गेली तर झाकणाचं हवेचं भोक बुजलंय, फुकटात सुटलात. ठिणगी पिवळट, मलूल किंवा गायब असेल तर कॉइल नाहीतर कंडेन्सर.

आमची मलूल होती, कॉइलला हात लागत नव्हता. पंपावरचं फडकं कॉइलच्या डब्याला गुंडाळलं, वायरींचं तोंड कोरडं ठेवून. लगेच सुरू.

थंड कॉइल मीटरवर बरोबर ३ ओहम दाखवते आणि मेकॅनिक ती 'ओके' ठरवतो. गाडी तापवूनच दाखवायला न्या. जादा कॉइल आणि कंडेन्सर डिकीत ठेवा. कार्बोरेटरला हात लावू देऊ नका.

दर्शन झालं. पायऱ्या नको असतील तर फ्युनिक्युलर आहे. नवरात्रात आणि चैत्रात खासगी गाड्या नांदुरीलाच अडवतात, वर एसटीने जावं लागतं. पद्मिनीवाल्यांनी एरवीही तेच करावं.