जुन्या होबीचं फायबर आणि मिस्त्रींची वाट

कोकणात सेकंडहँड कॅटमरान, म्हणजे दोन जोड पोटांची शिडाची बोट, घेतलीत आणि तिचं फायबर मऊ निघालं, तर ते काम मे अखेरीपासून गणपतीपर्यंत कोणाच्या भरवशावर काढूच नका. बाकी वायर, बुश, ट्रॅम्पोलिन वगैरे सगळं पैसे टाकले की होतं. फायबरला पैसे हातात धरून उभं राहिलं तरी माणूस येत नाही. माझं डोकं अजून पुरतं शांत झालेलं नाही, म्हणून लिहून काढतोय.

बोट म्हणजे होबी १६. दोन हल, म्हणजे पाण्यावर तरंगणारी दोन लांब पोटं, मध्ये ॲल्युमिनियमची फ्रेम, त्यावर ताणलेलं ट्रॅम्पोलिन, लांबी ५ मीटरच्या जरा वर आणि वजन सगळं मिळून १४५ किलोच्या आसपास. डिझाईन १९७० च्या सुमाराचं, कॅलिफोर्नियाच्या होबी ऑल्टरचं, आणि जगभर इतक्या विकल्या गेल्यात की पार्ट अजून मिळतात, ही जुनी बोट घेणाऱ्याच्या दृष्टीने सगळ्यात जमेची बाजू. खाली पाण्यात उतरणारी फळी, म्हणजे कील नाही की डॅगरबोर्ड नाही, सरळ वाळूवर चढवायची. देवबाग-तारकर्लीच्या किनाऱ्याला असलीच बोट पाहिजे.

वायर म्हणजे शिडाची डोलकाठी धरून ठेवणाऱ्या दोन बाजूच्या आणि एक पुढची, या जुन्या बोटीवर दिसायला कितीही चांगल्या असल्या तरी सरळ बदलून टाका. तुटतात त्या मध्ये नाही, टोकाला जिथे स्लीव्ह दाबलेली असते तिथे आतून गंजून तुटतात, आणि एक तुटली की डोलकाठी डोक्यावर. मी तयार सेट बाहेरून मागवला, कस्टमला केवायसीसाठी थोडं अडकलं पण आधारवरचं नाव आणि बिलावरचं नाव एक असलं की सुटतं. गावात करून घेणार असाल तर ३१६ स्टेनलेस मागा, ३०४ नको, आणि स्लीव्ह ॲल्युमिनियमची तर अजिबात नको, खाऱ्या पाण्यात स्टेनलेसला चिकटून ॲल्युमिनियम असलं की ते खाऊन जातं. रडर, म्हणजे सुकाणू, लटलट करत होता त्याचे बुश कुडाळ एमआयडीसीतल्या लेथवाल्याने करून दिले. त्याला नायलॉन नको, डेल्रिन सांगा, नायलॉन पाणी पितं आणि फुगून पिन जाम होते.

आता फायबर. या बोटीचा हल म्हणजे भरीव फायबर नाही, दोन पातळ पापुद्रे आणि मध्ये फोम. वर्षानुवर्षं ऊन, हिसके आणि पाणी, यात वरचा पापुद्रा फोमपासून सुटतो. ओळखायचं सोपं आहे, जुना पाच रुपयाचा जाड ठोकळा घ्या आणि डेकवर ठोकत जा, चांगल्या जागी टक् टक् आणि सुटलेल्या जागी भद् असा मेलेला आवाज. पेन्सिलीने कडा आखत जायच्या. माझ्या डाव्या हलवर पुढच्या पायलॉनच्या (फ्रेम ज्यावर टेकते त्या खांबाच्या) पुढे, म्हणजे सगळा जोर येतो नेमक्या तिथे, भाकरीएवढा गोल निघाला. अंगठ्याने दाबलं की आत जायचा आणि सोडला की वर.

तेव्हा मे संपत आला होता. माझा हिशोब असा की पावसात बोट तशीही मांगरात, म्हणजे शेडमध्ये, पडून राहणार, तेवढ्यात काम उरकेल. कोणीही असाच विचार करेल. पण १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, म्हणजे अख्ख्या बंदरातल्या बोटी त्याच दिवसांत वर ओढलेल्या असतात आणि प्रत्येकाला नारळी पौर्णिमेच्या आत फायबर, रंग, इंजिन सगळं करून हवं असतं. मिस्त्री तेवढेच. त्यात हाताखालची पोरं लावणीला गेलेली. पोट ज्यांच्यावर आहे त्यांच्या बोटी सोडून मिस्त्री माझ्या खेळण्याकडे का येतील, हे मला कळतं हो. पण मग तसं सांगा ना! "येतंय उद्या सकाळी" कशाला? फोन केला की "येतंय", दुपारी केला तर घरून काकी सांगणार "ते बंदरार गेले हत", बंदरावर गेलो तर मिस्त्री दुसऱ्याच गावच्या बंदरावर. एकदा मी सकाळपासून मांगरात चहाचा थर्मास घेऊन बसून राहिलो, संध्याकाळी कळलं की ते त्या दिवशी बारशाला गेले होते.

मध्ये एकदा आले, खोटं नाही बोलणार. भिजलेली छत्री टेकवून उभे राहिले, बोटाच्या पेराने दोनदा ठोकलं आणि म्हणाले, "ह्यां काय, ग्राइंडर मारून चार मॅट टाकूया, हत्ती उभो रवलो तरी हलाची नाय." मॅट म्हणजे फायबरच्या धाग्यांची चादर. मासेमारीच्या बोटीला हे अगदी बरोबर आहे, तिथे जाडी हवीच. इथे चार मॅट आणि रेझिन चढवलं की एक हल जड, आणि त्याखालचा मूळ पापुद्रा फोमपासून सुटलेला तो सुटलेलाच. मला बारीक भोकं पाडून आत इपॉक्सी भरायचं होतं. ते "बघूया" म्हणाले आणि परत गायब.

आणि खरं सांगायचं तर आले असते तरी त्या हवेत काम झालं नसतं. बरणीतल्या मिठाला पाणी सुटतं त्या दिवसांत फोम काय सुकणार. मी आखलेल्या गोलात ३ मिलिमीटरची भोकं पाडली तर खालच्या भोकातून चहाच्या रंगाचं पाणी ओघळायला लागलं. मग हलची झाकणं उघडी ठेवून आत ६० वॉटचा जुना पिवळा बल्ब सोडला. एलईडी चालत नाही, त्याला ऊब नसते, आणि जुना बल्ब आता दुकानात मागितला तर दुकानदार बघत राहतो. त्यात मालवणची लाईट, पाऊस लागला की गेली. दिवसभर तापवायचं आणि रात्री परत गार.

शेवटी गणपती झाले, पाऊस सरला, ऑक्टोबरचं ऊन पडलं आणि हल चार दिवसांत कडकडीत. म्हणजे जूनपासून केलेला सगळा बल्बाचा खटाटोप एका बाजूला आणि ऑक्टोबर हीट दुसऱ्या बाजूला! इपॉक्सी कोल्हापूरहून मागवलं होतं, स्लो हार्डनरवालं, म्हणजे हळू घट्ट होणारं. मेडिकलमधून मोठी सिरिंज आणली आणि मीच भरलं, सगळ्यात खालच्या भोकातून सुरुवात, वरच्यातून बाहेर आलं की चिकटपट्टी, मग पुढचं. वर प्लास्टिक आणि वाळूच्या पिशव्या ठेवल्या, पापुद्रा फोमवर बसायला. इपॉक्सी थोडं थोडंच कालवा, पेलाभर एकदम कालवलंत तर हातात तापून धूर येतो. दुसऱ्या दिवशी नाण्याने ठोकलं तर सगळीकडे टक् टक्, त्या आवाजाचा मला जो आनंद झाला तो घरी कोणाला समजावता आला नाही.

आणि मग मिस्त्री आले. न बोलावता. ठोकून बघितलं, "बरा झाला" म्हणाले आणि भोकांवर जेलकोट, म्हणजे फायबरवरचा रंगीत गुळगुळीत थर, लावून दिला. पांढऱ्यात पिवळ्याचा एक थेंब टाकून त्यांनी नुसत्या नजरेने असा रंग जुळवला की आता जागा शोधावी लागते. वर प्लास्टिकचा कागद चिकटवला, हवा लागली की जेलकोट चिकट राहतो म्हणून. चहा संपायच्या आत काम खलास. राग कुठे काढायचा सांगा.

राहिलंच, डोलकाठी ८ मीटरची ॲल्युमिनियमची असते, उभी करताना आधी वर बघा, आमच्या वाड्यांमध्ये विजेच्या तारा किती खाली लोंबतात माहीत आहे ना. काही होबींना वरचा तुकडा फायबरचा असतो तो यासाठीच, पण त्याच्यावर विसंबू नका. आणि स्वतः पॉलिस्टर रेझिन वापरणार असाल तर कोबाल्ट (रेझिन लवकर घट्ट व्हायला घालतात ते) आधी रेझिनमध्ये नीट ढवळून घ्या, मगच हार्डनर. ते दोन एकमेकांत थेट कधीही मिसळायचे नाहीत, भडका उडतो. बाटल्यासुद्धा वेगवेगळ्या फळीवर ठेवा.