केळीचा डाग जात नाही: आमची वाटचाल

आमच्या सासरी, माणगावकडे, दसऱ्याला दाराला नवं बांधतात. आंब्याचं पान, भाताची लोंबी, नाचणीचं कणीस, वरी, कुरडूचा तुरा आणि एक झेंडू, सगळं एका मुठीत धरून केळीच्या सोपटाने आवळायचं आणि चौकटीला अडकवायचं. जेवणाची टेबलं सजवायचा आमचा धंदा या जुडीतून निघाला असं सांगितलं की लोकांना वाटतं, मी परंपरेचं कौतुक करतेय. खरं म्हणजे त्या वर्षी उरलेल्या जुड्या मी टाकायलाच निघाले होते.

2016 ची कोजागिरी. गावाहून नव्याच्या डझनभर जुड्या आलेल्या आणि ठाण्यात नौपाड्यातल्या आमच्या फ्लॅटला दार एकच. समोरच्या काकूंकडे रात्री दूध प्यायला पंधरा माणसं यायची होती. त्या म्हणाल्या, "अगं, टाकतेस काय, माझ्या टेबलावर मांडून दे." मी रोवळीत जुड्या गोल लावल्या, मधे पणती ठेवली. पाहुण्यांतल्या एकीने दिवाळीला तसंच हवं म्हणून पैसे विचारले. मी तीनशे म्हटलं. मोठ्या जाऊबाईंनी मागून कोपर मारलं. मी त्यांना ताई म्हणते. तेव्हापासून भाव त्याच सांगतात.

गिऱ्हाईक म्हणतं, "झेंडूच तर आहे, त्याचे एवढे?" आहे झेंडूच. पण जांभळी नाक्यावर पहाटे जो झेंडू येतो तो हारासाठी खुडलेला, नुसती मुंडकी. किलोवर घ्या आणि ओवा. टेबलावर फूल उभं राहायला देठ लागतो. सुरुवातीला आम्ही झावळीचे हीर फुलांत खोचून देठ केले. दिसायला छान, पण हिरातून फूल पाणी कसं पिणार? ऑक्टोबर हीटमध्ये दुपारी माना टाकायला लागायची. आता मुरबाडकडचे एक शेतकरी भाऊ आमच्यासाठी दोन वाफे हातभर देठ ठेवून कापतात. त्यांना ते वेडेपणाचं वाटतं, कारण एका फुलासाठी त्या देठावरच्या दोन कळ्या जातात. त्या कळ्यांचे पैसे आम्ही देतो.

पहिली दोन वर्षं सगळ्यांसारखा हिरवा स्पंज वापरला. पाण्यात बुडवा, फूल कुठेही खोचा, उभं राहतं. कापताना त्याची भुकटी नाकातोंडात जायची. तो कुजतही नाही, त्याचा नुसता बारीक बारीक चुरा होतो. एका सोसायटीत कचरा उचलणाऱ्या मावशींनी आमचा ठोकळा हातात धरून विचारलं, "ताई, हा ओला का सुका?" होता तर चिंब भिजलेला. मी आणि ताई एकमेकींकडे बघत राहिलो. पुढच्या दसऱ्याला स्पंज बंद.

त्याच्या जागी केळीचं खोड आलं. घड उतरवला की ते खोड तोडूनच टाकायचं असतं. त्याचे चार बोटं जाडीचे आडवे काप केले की आत मधाच्या पोळ्यासारखे कप्पे दिसतात. त्यांत पाणी धरून राहतं, देठ घट्ट बसतो, आणि दुसऱ्या दिवशी बिनधास्त ओल्या कचऱ्यात. आम्ही खूश. तशाच खुशीत भाऊबिजेला घोडबंदर रोडवर एका घरी जेवणाचं टेबल सजवलं. पांढरा, हाताने भरलेला टेबलक्लॉथ, त्यांच्या सासूबाईंच्या हातचा. संध्याकाळी आवराआवर करायला गेलो, काप उचलला आणि खाली तपकिरी चकती. केळीचा डाग. लहानपणी फ्रॉकला लागला तेव्हा आजीने पाठीत धपाटा घालून सांगितलं होतं, हा कापड फाटेपर्यंत जात नाही. लिंबू लावलं, दही लावलं, शेवटी धोब्याकडे दिलं. गेला नाही. त्या बाई एक शब्द बोलल्या नाहीत, आणि तेच जास्त लागलं. आम्ही त्या दिवसाचे पैसे घेतले नाहीत, पण ते भरतकाम काही आम्हाला परत करता येणार नव्हतं.

आता काप आदल्या रात्री पाण्याच्या टबात असतात. दोनतीनदा पाणी बदलायचं, चीक सुटत राहतो. सकाळी निथळून मग सुपारीच्या विरीवर, म्हणजे झावळीच्या बुडाशी असतं त्या रुंद सोपटावर, ठेवायचे. विऱ्या श्रीवर्धनहून येतात. रुंद, पन्हळीसारख्या, शिवाय दिसतातही टेबलाला शोभतील अशा. आमचं काम ओळखायचं असेल तर खाली विरी आहे का बघा. ती डागामुळे आली.

लोंब्यांनीही शिकवायची फी घेतली. पहिल्या वर्षी पूर्ण पिकलेल्या आणल्या आणि त्या पाहुण्यांच्या ताकात दाणे गाळत बसल्या. दाणा भरलाय पण अजून हिरवट आहे, अशा वेळी कापून सावलीत उलट्या टांगल्या की गळत नाहीत. उन्हात टांगल्या तर रंग उडतो. आणि वाळलेली लोंबी आणि पणती यांत किमान एक वीत अंतर. हे कसं शिकलो ते विचारू नका. ताईंच्या एका साडीचा पदर अजून तसाच आहे. आता पणत्यांऐवजी बहुतेक वेळा पितळी तबकात पाणी घालून त्यात तरंगते दिवे सोडतो.

2019 च्या दिवाळीत क्यार चक्रीवादळ आलं. वादळ समुद्रातच राहिलं, पाऊस मात्र कोकणात शेतांवर. कापून ठेवलेला भात भिजला, लोंब्या काळ्या पडल्या. लक्ष्मीपूजनाच्या सगळ्या ऑर्डरींमधून लोंब्या काढून कुरडू वाढवला. कुरडू शेताच्या बांधावरचं तण, वाळला तरी गुलाबी छटा राहते. गिऱ्हाइकांना फरक कळला नाही. गावाकडच्या फोनवर मात्र सजावटीचं काही विचारायची लाज वाटली.

मग 2020. शहापूर, आसनगावहून लोकलने येऊन स्टेशनबाहेर आपट्याच्या डहाळ्या, रानभाज्या विकणाऱ्या मावशी मार्चपासून दिसल्या नव्हत्या. बायकांना लोकल सुरू झाली 21 ऑक्टोबरला, तीही अकरा ते तीन आणि संध्याकाळी सातनंतर. दसरा 25 ला. एक मावशी 24 ला दुपारी पाटी घेऊन उतरल्या आणि मला बघून म्हणाल्या, "जिती हायस व्हय?" त्या वर्षी ऑर्डरी सहा. सहाही चार माणसांच्या टेबलांच्या.

आपट्याचं एक सांगते, कारण यावरून माझी बाजारात भांडणं होतात. सोनं म्हणून विकलं जातं त्यातलं कितीतरी कांचन असतं. कांचनचं पान मोठं, पातळ. आपट्याचं लहान, जाडसर, लांबीपेक्षा रुंदी जास्त. आम्ही प्रत्येक ताटाशी एकच पान ठेवतो, त्यावर पाहुण्याचं नाव पांढऱ्या शाईने. टेबलभर पसरा म्हणणाऱ्यांना नाही म्हणतो. आणि "येऊर जवळच आहे, तिथूनच आणा ना फुकट," असा सल्ला देणाऱ्यांसाठी: ते राष्ट्रीय उद्यानाचं जंगल आहे. तिथून एक पानही तोडायचं नसतं.

1 जुलै 2022 पासून सजावटीचा थर्माकोल देशभर बंद झाला. राज्यात आधीपासूनच बंदी होती, पण या वेळी डेकोरेटरवाले स्वतःहून आमच्याकडे विचारायला आले. त्या वर्षी पाचपाखाडीत छोटा गाळा घेतला. भाडं ऐकून सासूबाईंनी दोन दिवस अबोला धरला.

2023 मध्ये ऐरोलीच्या एका ऑफिसातून फोन आला. मुख्य ऑफिस अमेरिकेत, इथे थँक्सगिव्हिंगचं जेवण ठेवणार, बारा टेबलं, "फॉल थीम", म्हणजे त्यांच्याकडच्या पानगळीची सजावट. सोबत फोटो: केशरी भोपळे, रंगीबेरंगी मक्याची कणसं, लालभडक मेपलची पानं, पाइनची बोंडं. नोव्हेंबरचा चौथा गुरुवार म्हणजे 23 तारीख. मी कॅलेंडर उघडलं तर त्यावर कार्तिकी एकादशी.

मी त्या मॅडमना म्हटलं, भोपळा, कणसं मिळतील. मेपल नाही, आणि प्लॅस्टिकची पानं आम्ही लावत नाही. शिवाय त्यांच्याकडे या दिवसांत पानं झडतात, आपल्याकडे पानगळ यायची ती शिशिरात. आत्ता आपल्याकडे कापणी होऊन घरात माल आलेला असतो. त्या म्हणाल्या, "मग तो सणही कापणीचाच आहे. करा तुमच्या पद्धतीने, फक्त फोटोत केशरी दिसू दे."

लाल भोपळे कोरले, आत स्टीलचे पेले बसवले, कारण कोरलेल्या भोपळ्यात थेट पाणी घातलं की दुसऱ्या दिवशी वास येतो. गर वाया नाही गेला. सासूबाईंनी द्वादशीला पुरतील एवढे घारगे केले. पाइनऐवजी अलिबागच्या किनाऱ्यावर वेचलेली सुरूची बोंडं, बोराएवढी, ती पसाभर लागतात तेव्हा कुठे नजरेत भरतात. देशी बदामाच्या झाडाखाली कधीही जा, एखादं दुसरं लाल पान पडलेलं असतंच. सोसायटीतल्या पोरांना दहा पानांना एक चॉकलेट हा दर दिला आणि दोनशे पानं आली. उंचीसाठी काय, हा प्रश्न बाजारानेच सोडवला. तुळशीच्या लग्नाचे दिवस, जिकडेतिकडे ऊस, आवळे, चिंचा. वाढ्यासकट, म्हणजे शेंड्याच्या पानांसकट, उसाचे हातभर तुकडे, पायाशी आवळे, चिंचेच्या आकड्यांचे घोस.

दुपारी तीनला टेम्पो घेऊन सामान उचलायला गेलो. भोपळे जागेवर होते, बोंडं होती, विऱ्या होत्या. ऊस आणि आवळे मात्र बाराच्या बारा टेबलांवरून गायब. मी त्या मॅडमकडे बघितलं. त्या थोड्या ओशाळल्या आणि म्हणाल्या, "अहो, उद्यापासून तुळशीची लग्नं ना. सगळ्यांनी पर्समध्ये घातले." त्यांच्या स्वतःच्या पर्समधून उसाचं वाढं बाहेर आलं होतं.