आईसोबत गुलांग्यू: गाड्या नसलेलं बेट

चीनमधल्या श्यामेन शहराच्या किनाऱ्यावरून गुलांग्यू बेट अगदी हाकेच्या अंतरावर दिसतं. मधलं पाणी जेमतेम सहाशे मीटर. तरीही पहिल्या सकाळी आमचा दीड तास वाया गेला. आईचे गुडघे दुखरे आणि मी तिला चुकीच्या धक्क्यावर नेलं होतं.

जुन्या बाजारपेठेजवळच्या लुन्दू धक्क्यावरून दिवसा फक्त रहिवासी जातात. पर्यटकांची बोट सुटते ती उत्तरेकडच्या तुंगतू भागातल्या क्रूझ टर्मिनलवरून. लुन्दूहून आपल्याला बोट मिळते ती संध्याकाळनंतरच. तेव्हा टॅक्सीवाल्याला दाखवायला टर्मिनलचं नाव चिनी लिपीत मोबाइलवर ठेवा. तिकीट पासपोर्टवर निघतं, त्यामुळे पासपोर्ट जवळ हवाच. बेटावरच्या सान्छ्योउथ्येन धक्क्याचं साधं तिकीट जाऊन-येऊन साधारण ३५ युआन, प्रवास वीसेक मिनिटांचा. दिवसाला किती माणसं सोडायची यावर मर्यादा आहे, म्हणून तिकीट आधीच काढा.

मी कामासाठी शेन्झेनला असतो. तिथून श्यामेन वेगवान रेल्वेने साधारण चार तासांवर. आम्ही नोव्हेंबरात गेलो. हवा कोरडी आणि सुखद होती. जुलै ते सप्टेंबर वादळांचे महिने. ऑक्टोबरचा पहिला आठवडा तर टाळाच, तेव्हा सगळ्या चीनला सुट्टी असते.

बेट दोन चौरस किलोमीटरहून लहान. खासगी मोटार नाही, सायकलसुद्धा नाही. माथेरानची आठवण येते, पण इथे घोडेही नाहीत. विटांपासून भाजीपर्यंत सगळं हातगाड्यांवरून ओढत नेतात. वयस्कर माणसं बरोबर असतील तर किनाऱ्याकडेने फिरणाऱ्या विजेच्या गाड्यांचा आधार घ्या. आतल्या गल्ल्या मात्र चढउताराच्या, पायऱ्यांच्या. तिथे पायीच जावं लागतं. मोठी बॅग श्यामेनला ठेवून एका रात्रीपुरतं सामान घ्या.

आणि रात्र इथेच काढा. सगळ्या वृत्तांतात मला सांगायचं आहे ते हेच. दिवसा मुख्य गल्ल्यांतून झेंडे घेतलेल्या वाटाड्यांमागे गर्दी वाहत असते. संध्याकाळी बोटी ती गर्दी परत नेतात आणि मग गल्ल्या आपल्या होतात. वडाची मुळं कुंपणावरून खाली आलेली, आत शंभर वर्षांपूर्वीचे बंगले, कुठल्या तरी खिडकीतून पियानोचा सराव. आई एका पायरीवर बसून पंधरा मिनिटं ऐकत राहिली.

हे बंगले इथे आले कसे? १८४२ च्या नानजिंग तहाने श्यामेन बंदर परदेशी व्यापाराला उघडावं लागलं. मग वकिलाती, चर्च, मिशनऱ्यांच्या शाळा या बेटावर उभ्या राहिल्या आणि १९०३ मध्ये ते अधिकृत आंतरराष्ट्रीय वसाहत झालं. इथल्या पोलिसांत ब्रिटिश हिंदुस्थानातून आणलेले शीख शिपाई होते. घरापासून इतक्या दूर पहारा देणाऱ्या त्या माणसांचा विचार माझ्या मनातून जात नाही. २०१७ मध्ये हे बेट युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आलं.

बेटावरचा सूर्यप्रकाश खडक ९२.७ मीटर उंच. मी सकाळी लवकर एकटाच चढलो. वरून सगळं बेट आणि पलीकडचं शहर एका नजरेत येतं. उशीर केलात तर पायऱ्यांवर रांग लागते. किनाऱ्यावर चिनी सेनानी चंग छंगकुंगचा भव्य दगडी पुतळा आहे. त्याने १६६२ मध्ये तैवानमधून डच ईस्ट इंडिया कंपनीला हुसकावलं. तीच डच कंपनी, जिची वखार आपल्या वेंगुर्ल्यात होती.

शूच्वांग बाग चुकवू नका. १९१३ ची ही बाग तैवान सोडून आलेल्या लिन अर्च्या यांनी बांधली. दारातून आत शिरलं की समोर भिंत. समुद्राचा नुसता आवाज. वळसा घेतला की एकदम सगळा समुद्र समोर. बागेतच पियानो संग्रहालय आहे, त्यालाही वेळ ठेवा.

जेवणात कालवांचं ऑम्लेट, माशांचे गोळे, मसालेदार रस्स्यातल्या शाछा नूडल्स. शाकाहाऱ्यांनी शेंगदाण्याचं गोड सूप जरूर प्यावं. मुगाच्या सारणाच्या गोल वड्या पुरणाच्या जवळच्या, पण पारीत डुकराची चरबी असू शकते, विचारून घ्या. आईचं पोटभर जेवण झालं ते श्यामेनला, नानफुथुओ मंदिराच्या शाकाहारी भोजनगृहात. पैशांसाठी अलीपे या मोबाइल पेमेंट ॲपला आपलं कार्ड घरूनच जोडून या आणि थोडी रोख ठेवा. गूगलचे नकाशे साध्या चिनी इंटरनेटवर चालत नाहीत.

दुसऱ्या दिवशी आम्ही यूय्वान बागेत गेलो. इथे डॉ. लिन छ्याओझी यांचा पांढरा पुतळा आहे. १९०१ मध्ये याच बेटावर जन्मलेल्या या स्त्रीरोगतज्ज्ञ. पुढे बीजिंगमध्ये त्यांनी ५० हजारांवर बाळांना या जगात आणलं, स्वतः लग्न केलं नाही. माझी आई तीस वर्षं सरकारी रुग्णालयाच्या प्रसूती विभागात परिचारिका होती. मी फलकावरचा मजकूर मोबाइलवर भाषांतर करून तिला वाचून दाखवला. तिने चपला काढल्या, पुतळ्यासमोर उभी राहिली आणि हात जोडले. बागेत आमच्याशिवाय फक्त झाडलोट करणाऱ्या एक आजी होत्या. त्यांनी झाडू बाजूला ठेवला आणि आईला बसायला बाकाकडे बोट दाखवलं.