डब्यात पाणी शिरणारच, मग वहीच तशी ठेवा ना

जिओकॅशिंगचा डबा चांगला घट्ट झाकणाचा घेतला की आतली लॉगबुक कोरडी राहते, हा समज नागपुरात जुलैपर्यंत टिकतो. त्यानंतर डबा उघडला की आत वहीच्या नावाखाली लगदा, त्यावर निळी शाई पसरलेली, आणि वर झिपलॉकची पिशवी, जी वाचवायला ठेवली होती तिच्यातच पाणी साचलेलं.

नवीन वाचणाऱ्यांसाठी जिओकॅशिंग म्हणजे काय ते पटकन सांगतो. जीपीएसवर जागा बघायची, कोणीतरी लपवलेला डबा शोधायचा, आतल्या वहीत आपलं नाव आणि तारीख टाकायची, डबा होता तसाच ठेवायचा, मग घरी येऊन ॲपवर नोंद. मे २००० मध्ये अमेरिकेनं जीपीएसच्या सिग्नलमध्ये मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली आणि लगेच ३ मेला डेव्ह उल्मर नावाच्या माणसानं ओरेगॉनमध्ये एक बादली लपवली, खेळ तिथून सुरू झाला, आणि वही त्या बादलीतही होतीच. वहीत सही नाही तर शोधला म्हणायचं कशाच्या जोरावर? म्हणून वही भिजली की अख्खा डबाच बाद झाल्यासारखा होतो, लोक फोटो टाकतात, मालकाला मेसेज करतात, आणि मालक बिचारा भर पावसात सेमिनरी हिल्स चढून राहिला.

आता पाणी आत जातं कसं, कारण लोक झाकणालाच शिव्या घालतात. आपल्याकडे मे महिन्यात दुपारी ४५ च्या आसपास आणि पहाटे ३० म्हटलं तरी डब्यातली हवा जवळपास पाच टक्के फुगते आणि आकसते, रोज. नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या त्या नऊ कडक दिवसांत, तर विचारूच नका. दिवसा थोडी हवा बाहेर जाते, रात्री तेवढीच आत ओढली जाते, झाकणाची रबरी रिंग उन्हानं कडक झाली की हे आणखी सोपं. पावसाळ्यात गंमत अशी की ऊन पडतं, डबा तापतो, आणि एकदम धो धो पाऊस येतो, डबा झटक्यात थंड होतो, आतला दाब कमी होतो, त्या वेळी झाकणाच्या कडेला जे पाणी जमलेलं असतं तेच आत खेचलं जातं. म्हणजे डबा फुटलेला नसतो, तो श्वास घेऊन राहिला असतो. सिलिका जेलची पुडी टाका हवं तर, पण ती एकदा ओलाव्यानं भरली की भरली, वाळवल्याशिवाय पुढे तिचा काही उपयोग नाही.

तर माझं म्हणणं एवढंच आहे की पाणी अडवायच्या मागे कमी लागा आणि भिजली तरी चालेल अशी वही ठेवा.

अमेरिकेतले लोक ‘राइट इन द रेन’ वापरतात, तो लाकडाच्या लगद्याचाच कागद, फक्त त्यावर पाणी न धरणारं कोटिंग. वही मस्त असते पण इथे मागवायला महाग पडते आणि मायक्रो म्हणजे अगदी लहान डब्यासाठी ती परत कापावी लागते. दुसरा स्टोन पेपर, त्यात साधारण ८० टक्के कॅल्शियम कार्बोनेट म्हणजे दगडाची भुकटीच आणि बाकी प्लास्टिक, हाताला गुळगुळीत, वजनाला जड, पेन्सिल छान उमटते. तिसरा टायवेक, तो फाटतच नाही. मॅरेथॉनचे काही बिब टायवेकचे असतात, घरात पडले असतील तर मागची कोरी बाजू कापून पट्ट्या करा, फुकटात काम. फक्त टायवेक आणि स्टोन पेपर लेझर प्रिंटरमध्ये घालू नका, दोन्हींत पॉलिथिलीन असतं आणि प्रिंटर आत एवढा तापतो की ते वितळून रोलरला चिकटेल, मग दुकानदाराला काय सांगाल?

पण मला सगळ्यात कामाचा वाटतो तो बुलडीतल्या, म्हणजे सीताबर्डीतल्या, झेरॉक्स आणि डिजिटल प्रिंटिंगवाल्यांकडे मिळणारा नॉन टिअरेबल कागद. आयकार्डं, मेनू कार्डं ज्यावर छापतात तोच. ‘लॉगबुक’ म्हणाल तर दुकानदार तोंडाकडे बघत राहील, सरळ म्हणा, ‘भाऊ, लेझरवर चालणारा नॉन टिअरेबल द्या, मॅट, पेन्सिलनं लिहिता आलं पाहिजे.’ ग्लॉसी अजिबात घेऊ नका. दुकानातच कोपऱ्यावर पेन्सिल चालवून बघा, मग बोट ओलं करून घासा. तारीख आणि नावाचे रकाने तिथेच छापून घ्या. लॅमिनेशन करून देऊ का विचारतील, नाही म्हणा, त्याच्यावर सही कोण करणार?

कागद आणला तरी अर्धंच काम झालं, कारण घोळ पेनाचा असतो. आपल्याकडे सगळ्यांच्या खिशात जेल पेन, त्याची शाई पाण्याची, या कागदात ती मुरतच नाही, वरच्यावर राहते आणि पुढच्या माणसाच्या अंगठ्याला लागते. बॉलपेन कोरड्या कागदावर ठीक, ओल्यावर घसरतं, आणि डब्यातच ठेवलं तर आपल्या उन्हाळ्यात गळतं. पेन्सिल ठेवा. ग्राफाइट म्हणजे कार्बन, पाण्यात विरघळत नाही, उन्हात उडत नाही. एचबीपेक्षा टूबी बरी, ओल्या कागदावरही दिसते. शार्पनर मात्र डब्यात नको, गंजतो, पेन्सिल दोन्ही बाजूंनी टोक करून ठेवा.

गंजण्यावरून आठवलं, वहीला स्टेपलरची पिन मारू नका, जाड दोऱ्यानं मधोमध शिवा. नॅनो, म्हणजे मायक्रोहूनही लहान डब्यातली गुंडाळी असेल तर हा कागद स्प्रिंगसारखा उघडतो, लोक रबरबँड लावतात आणि जूनपर्यंत त्याचा चिकट गोळा होतो, तिथेही दोराच बांधा. आणि पट्टी जरा अरुंद कापा, नाहीतर ओल्या हातानं ती परत आत जात नाही आणि शोधणारा झाकण अर्धवट लावून निघून जातो.

उरलेल्या कागदावर एक चिठ्ठी छापा, मराठी आणि हिंदीत, की हा खेळाचा डबा आहे, यात धोकादायक काही नाही, कृपया जागेवर ठेवा, आणि सोबत कॅशचा, म्हणजे या लपवलेल्या डब्याचा, जीसी नंबर, ॲपवर ज्या नंबरानं तो सापडतो तो. ती झाकणाच्या आतून नाही, डब्याच्या बाहेरून लावा, ट्रान्सपरंट टेपनं. फुटाळा तलावाच्या बाजूला सकाळी फिरणाऱ्यांपैकी कोणाला झुडपात बेवारस डबा दिसला तर तो उघडून बघणार नाही, सरळ पोलिसांना फोन लावेल, आणि लावायलाच पाहिजे.