चिआंग माईत राहायचंय? घरमालकाकडून आधी टीएम-३० कबूल करून घ्या

व्हिसाचं फार काही सांगण्यासारखं नाही, थायलंडने २०२४ मध्ये डीटीव्ही (डेस्टिनेशन थायलंड व्हिसा) आणला, पाच वर्षांचा, एका वेळी १८० दिवस, खात्यात ५ लाख बाथ दाखवायचे, कंपनीचं रिमोट कामाचं पत्र द्यायचं, मिळाला. शहरातल्या सान्तीथाम भागात रूम घेतली, निम्मान भागापेक्षा भाडं बरंच कमी. पुण्याची दहाची मीटिंग इथे साडेअकराला, त्यामुळे सकाळी बाजारात निवांत खाऊन येता येतं.

घोडं अडलं ते टीएम-३० नावाच्या फॉर्मवर. परदेशी माणूस राहायला आला की २४ तासांत घरमालकाने इमिग्रेशनला कळवायचं असतं, ऑनलाइनही होतं. डिपॉझिट घेताना साहेब हो हो करत होते, नंतर मेसेज केला की नुसता हसरा स्टिकर. तेवढ्यात ९० दिवसांच्या रिपोर्टची (परदेशी माणसाने दर ९० दिवसांनी इमिग्रेशनला आपला पत्ता कळवायचा असतो) तारीख आली, पहिला रिपोर्ट स्वतः जाऊन द्यावा लागतो, गेले, टोकन घेतलं, बसून बसून पाठ मोडली आणि नंबर लागल्यावर काउंटरवरच्या बाईंनी पहिलं काय मागितलं तर टीएम-३० ची पावती! परत घरी, परत मेसेज, परत स्टिकर. शेजारीण म्हणाली बऱ्याच मालकांना भाड्याचं उत्पन्न सरकारला कळायला नको असतं. अरे मग भाड्याने देताच कशाला? शेवटी बिल्डिंगच्या ऑफिसातल्या मुलीने त्याला फोन लावला, थाईत काय सुनावलं देव जाणे, पण संध्याकाळी ताबियन बानची, म्हणजे घराच्या नोंदवहीची, आणि त्याच्या आयडीची सही केलेली कॉपी हातात. मग फॉर्म मीच भरून आले. रिपोर्टला तारखेआधी १५ दिवस ते नंतर ७ दिवस मुदत असते, उशीर झाला तर २००० बाथ दंड, तोही आपल्याला, स्टिकरवाल्याला नाही!

त्या संध्याकाळी चांग फुआक गेटला जाऊन पोटभर खाल्लं. खाओ सोय मात्र दुपारीच खा, नारळाच्या दुधातल्या रश्शात नूडल्स, वर कुरकुरीत तळलेल्या नूडल्स, सोबत लोणच्यासारखी आंबवलेली मोहरीची पानं, कच्चा कांदा, लिंबू, साधारण ५०-६० बाथला. शाकाहारी असाल तर पिवळ्या पाटीवर लाल अक्षरात 'जे' लिहिलेली दुकानं शोधा, बाकीकडे नुसत्या भाजीतही माशाचा सॉस असतोच.

आणि हो, आपल्या कार्डवर एटीएम दर वेळी दोनशेच्या वर बाथ कापतं, एकदम मोठी रक्कम काढा. विजेचा युनिटचा दरही आधीच विचारा, काही बिल्डिंगवाले सरकारी दराच्या जवळजवळ दुप्पट लावतात. फेब्रुवारी ते एप्रिल शेतं-जंगलं जळण्याचा धूर असतो, तेव्हा शक्यतो येऊच नका.